झाकण सैल ठेवायचं

मनुका पाण्यात टाकल्या की आधी बराच वेळ काहीच होत नाही. काळ्या, सुरकुतलेल्या, तळाशी जाऊन बसतात. मग तासाभरानं त्यांच्याभोवती तांबूस धागे सुटायला लागतात, आणि दिवेलागणीपर्यंत बरणीतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. आज मंगळवार. परवा झावळ्यांचा, ईस्टरच्या आधीचा रविवार झाला, गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. सांगलीचं घर बंद करून मी वडूजला आले आहे आणि सगुणाआत्याच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बरणीकडे बघत बसले आहे. खिडकीबाहेर कडुलिंब फुलला आहे. त्याचा कडूगोड वास आणि मनुकांचा वास एकत्र आला की मला तीन वर्षांपूर्वीचा तो लेंट आठवतो.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे आमचे चाळीस दिवस. उपवासाचे, प्रार्थनेचे, स्वतःकडे नीट बघण्याचे. वडूजच्या बाजूला हे दिवस नेमके उन्हाच्या तोंडावर येतात. ज्वारी निघालेली असते, कडब्याच्या गंजी उभ्या असतात, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आमचं चर्च छोटं, पत्र्याचं. त्या पत्र्याखाली पन्नासएक माणसं दर शुक्रवारी दुपारी घाम पुसत वधस्तंभाची गायनं म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, येशूचं दुःख आणि पत्र्याचं ऊन या दोन गोष्टी एकमेकींशिवाय असूच शकत नाहीत.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, प्रभुभोजनाला द्राक्षारस लागतो, पण दारू चालत नाही. मिशनच्या काळापासूनचा दंडक. मग काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून रस करायचा, आणि छोट्या काचेच्या पेल्यांतून तो द्यायचा. हे काम चाळीस वर्षं आमची सगुणाआत्या करायची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही. बालवाडीत शिकवायची आणि उरलेल्या वेळात सगळ्या गावाला रागवायची. तिच्या रसाला मंडळीत कुणी कधी नाव ठेवलं नाही. ठेवण्याची हिंमतही नव्हती.

त्या वर्षी लेंट लागला आणि आत्या न्हाणीत घसरली. उजवं मनगट मोडलं. मी नुकतीच निवृत्त झालेली, एकटी. पिशवी भरून वडूजला आले.

माझ्याबद्दल सांगायला हवं. मी मिरजेच्या एका दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. थिएटरच्या सिस्टरला जगात दोनच गोष्टी दिसतात, निर्जंतुक आणि बाकी सगळं. ट्रेला कुणाची बाही जरी घासली तरी मी अख्खा ट्रे परत पाठवायचे. नवे डॉक्टर मला टरकून असायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. पावित्र्याची माझी कल्पनाही काही वेगळी नव्हती. झाकून ठेवायचं, दूर ठेवायचं, हात लागू द्यायचा नाही.

तर मी तो लेंट असा पाळला की कुणी पाळला नसेल. चहा सोडला. मटण सोडलं, गोड सोडलं. आत्याच्या टीव्हीवर कापड टाकलं, त्यावरून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रोज उजाडायच्या आत उठून गुडघ्यांवर. गुडघे इतके ठणकायचे की निम्मी प्रार्थना त्यांच्यातच जायची. मला काय हवं होतं? एकच गोष्ट हवी होती. देव जवळ आहे असं पुन्हा एकदा वाटायला हवं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

लहानपणी ते न मागता वाटायचं. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी सायकलवरून वाड्यावस्त्यांवर येशूची सुवार्ता सांगायला जायचे. रोज जेवणं झाली की घरची प्रार्थना. दादांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा धाकटा भाऊ दानिएल, आमचा दान्या. दादांची प्रार्थना लांबलचक. सगळ्या गावाची आजारपणं त्यात यायची, गाभण म्हशीही यायच्या. दान्या हमखास झोपायचा, त्याचं डोकं घसरत घसरत माझ्या मांडीवर यायचं. दादा आमेन म्हणायचे आणि त्याला तसाच उचलून अंथरुणावर ठेवायचे. त्या वेळी खोलीत आमच्याखेरीज आणखी कुणीतरी आहे, आणि ते आपल्यावर रागावलेलं नाही, हे मला अगदी नक्की माहीत असायचं. थंडीत चुलीजवळ बसल्यावर पाठ गरम होते ना, तसं.

ते गेलं. कधी गेलं, तेही मला ठाऊक होतं. पण ते कबूल करण्यापेक्षा चहा सोडणं सोपं होतं.

त्या लेंटच्या दोन वर्षं आधी दादा गेले. शेवटचे दिवस ते माझ्याकडे सांगलीत होते. दान्या तासगावजवळ द्राक्षबाग करतो. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस लागला, आणि बाग फुलोऱ्यात. अशा वेळी फवारणी चुकली तर दावण्या रोग सगळी बाग खातो. मी त्याला फोन केला, "दादा दाराकडं बघतायत, ये." तो म्हणाला, "उद्या येतो अक्का, एवढी फवारणी उरकतो." दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दादांना जाऊन दोन तास झाले होते. वडूजच्या कबरस्तानात सगळी मंडळी उभी असताना, मुठीत माती घेऊन, मी माझ्या भावाला म्हणाले, "द्राक्षांनाच बाप केलास, आता त्यांच्याकडंच जा." पाळकसाहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, मान खाली घातली. दान्यानं माती टाकली आणि तो गेला. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

आमच्यात मनात वैर ठेवून प्रभुभोजन घेत नाहीत. ही ताकीद पाळक दर वेळी देतात. मी नियमाची बाई. सांगलीच्या चर्चमध्ये दोन वर्षं ट्रे माझ्यासमोर यायचा आणि मी हात मांडीवर ठेवून बसायचे. शेजारणीला वाटायचं, मला मधुमेह आहे. मीही तिला तसंच वाटू दिलं.

आत्यानं मला रस करायला शिकवला तो झावळ्यांच्या रविवाराआधीच्या शुक्रवारी, गळ्यात हात अडकवून, याच खुर्चीत बसून.

"मनुका तीन पाण्यानं धुवायच्या. पाणी उकळायचं, गार करायचं, मंग वतायचं. मनुका न्हाई उकळायच्या, चव जाती. मंगळवारी भिजवायच्या, आधी न्हाई. आन् झाकण सैल ठेवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ हात घालून हलवायचं."

"हात? आत्या, प्रभुभोजनाच्या रसात?"

"मंग काय पाय घालतीस? हात धुवून घालायचा. मनुकांला कळाय पायजे कुणीतरी हाय ते."

मी मान डोलावली आणि माझ्याच पद्धतीनं करायचं ठरवलं. इतक्या पवित्र कामाला मंगळवारपर्यंत थांबायचं कशाला? मी शनिवारीच बरणी उकळत्या पाण्यातून काढली. मनुका तीनऐवजी सात पाण्यांनी धुतल्या. चिमट्यानं एकेक आत टाकली. गुडघे टेकून प्रार्थना केली. झाकण ताकदीनं दाबून घट्ट बसवलं, वर स्वच्छ पांढरं फडकं बांधलं आणि बरणी उंच फळीवर ठेवली, छताच्या पत्र्याच्या अगदी खाली. गुरुवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. येता-जाता त्या पांढऱ्या फडक्याकडे बघून मला फार बरं वाटायचं. आत्या रोज विचारायची, "हलवलंस का गं?" मी म्हणायचे, "हं." उपवासाच्या दिवसांत खोटं बोलत होते, तेही प्रभुभोजनाच्या रसाबद्दल.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला स्वयंपाकघरात फटकन आवाज झाला. मी धावत गेले. झाकण जमिनीवर. फडकं जांभळं. बरणीच्या तोंडातून फेस उसळत होता आणि फळीवरून थेंब थेंब ओघळत भिंतीवर रेघ उमटत होती. सगळ्या घरात आंबूस वास.

आत्या भिंतीला धरत धरत आली. बोट लावून चाखलं. मग खुर्चीत बसून ती हसायला लागली. मोडका हात सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आगं बाय माझे, तू तर दारू गाळलीस!"

मला हसू आलं नाही. मी चक्क रडायला लागले. साडेसहाला उपासना. मंडळीत चार-पाच जण असे, की ज्यांनी दारू सोडताना दादांचा हात धरून शपथ घेतली होती. त्यांच्या ओठांना हे कसं लावायचं? आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, हे उत्तर आहे. चाळीस दिवस मी दार ठोठावत होते, आणि आतून हे उत्तर आलं.

"बाजारात द्राक्षं बघून येते," मी डोळे पुसत म्हणाले.

"बाजारातली नगं," आत्या म्हणाली. तिचं हसणं थांबलं होतं. "दान्याला फोन लाव."

"तू लाव."

"माझा हात मोडलाय."

"दुसरा आहे की."

"त्या हाताला आकडे दिसत न्हाईत."

मी जमिनीवरचं झाकण उचललं. मग ती म्हणाली, "ह्या मनुका कुणाच्या हुत्या वाटलं तुला? दर साली त्योच पाठवतो. येष्टीनं, पत्र्याच्या डब्यात. तुमचं भांडान झालं त्या साली बी आल्या."

सात पाण्यांनी धुतलेल्या मनुका माझ्या भावाच्या होत्या.

"मी त्याला माफ करायला तयार आहे, आत्या. रोज प्रार्थनेत म्हणते मी. पण त्यानं एकदा तरी..."

"तुझा त्याच्यावर काय राग हाय, ते तुला इचारलंय का कुणी? शास्त्रात काय सांगितलंय? दान वेदीपाशी ठिव, आन् तुझ्या भावाच्या मनात तुझ्याबद्दल काय सलतंय ते आधी जाऊन बघ. मुठीत माती घिऊन काय बोल्लीस, ते समद्या मंडळीनं ऐकलंय. मी बी ऐकलंय."

ते शास्त्रवचन मला लहानपणापासून पाठ होतं. त्यात दुखावलेली बाजू माझी नसून त्याची असू शकते, हे दोन वर्षांत माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

फोन लावला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"दान्या, मी अक्का."

ट्रॅक्टर बंद झाला. मग तो हळूच म्हणाला, "आत्या बरी हाय न्हवं?"

मी फोन केला म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं माझ्या भावाला वाटलं. इतकी मी लांब गेले होते.

"बरी आहे. प्रभुभोजनाचा रस नासला. माझ्यामुळं नासला. संध्याकाळी उपासना आहे."

"किती माणसं?"

"पन्नास."

"काळी संपली, अक्का. हिरवी हायती, शेवटच्या तोडीची. चालत्याल?"

"चालतील."

"येतो," तो म्हणाला.

विट्यावरून, मायणीवरून, भर उन्हात, मोटरसायकलच्या मागे क्रेट बांधून तो साडेतीनला आला. क्रेटवर ओलं गोणपाट. दोन वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते आणि चालताना तो दादांसारखा एका बाजूला झुकत होता. दारात उभा राहून म्हणाला, "ठिवू कुठं?" मी पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन त्यानं हात-तोंड धुतलं, आत्याच्या पाया पडला आणि परातीपुढं मांडी घातली.

आम्ही समोरासमोर बसून घडांवरून मणी काढायला लागलो. मी सवयीनं पिशवीतून रबरी हातमोजे काढले. आत्या नुसतं म्हणाली, "ठिव ते आत." मी ठेवले. मग एका परातीत आमचे चार हात. मणी फुटत होते, चिकट गार रस मनगटांवरून कोपरांपर्यंत जात होता. मुंग्या यायला लागल्या. त्याच्या बोटांना फवारणीच्या औषधांनी पडलेल्या भेगा होत्या, त्यांत रस झोंबत असणार. तरी तो मणी फोडत राहिला. थिएटरमध्ये मी हे बघितलं असतं तर अख्खी परात परत पाठवली असती.

गाळायला आत्यानं पेटीतून कापड काढून दिलं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर, घडीत कापूर.

दान्यानं ते हातात घेतलं आणि थांबला. "दादांचं?"

"मंग कुणाचं असंल?" आत्या म्हणाली. "धा वर्सं त्याच्यातनंच गाळती मी."

लगदा धोतरात घातला. एक टोक त्यानं धरलं, एक मी. एकट्या माणसाला ते पिळता येत नाही. एकानं इकडं, दुसऱ्यानं तिकडं पीळ द्यावा लागतो. खाली पातेल्यात धार पडायला लागली.

"अक्का," तो धोतराकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, उद्या गेलो तर चालंल. खरंच वाटलं तसं. आता रोज सकाळी बागंत गेलो की वाटतं, कालच निघाया पायजे हुतं. दोन वर्सं झाली, मी बी प्रभुभोजन घेतलं न्हाई. कुठल्या तोंडानं घ्यायचं?"

मग मी बोलले. हातातलं टोक न सोडता बोलले, म्हणून जमलं असेल. "दान्या, मातीवर उभी राहून मी जे बोलले ते पाप होतं. तुला दुखवायचं म्हणूनच बोलले होते. दादा तुझ्यावर रागावले नव्हते. ते दाराकडं बघत होते आणि शेवटी म्हणाले, दान्या झोपला असेल, उठवू नका. हे मी तुला सांगितलंच नाही. मुद्दाम नाही सांगितलं. मला माफ कर."

तो रडत होता. नाक पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्याला घासत होता, लहानपणी घासायचा तसा.

"पीळ, अक्का," तो म्हणाला. "सैल सुटतंय."

मी पीळ दिला. आणि त्या उकाड्यात, मुंग्यांत, चिकट परातीपुढं, खोलीत आमच्या तिघांखेरीज आणखी कुणीतरी आहे असं मला वाटलं. पाठीला ऊब लागल्यासारखं. मी इकडंतिकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. चाळीस दिवस पहाटे मी ज्याची वाट बघितली, ते दुपारी सव्वाचारला आलं, आणि मी आंघोळही न केलेली, केस विस्कटलेले, कोपरांपर्यंत बरबटलेली होते.

संध्याकाळी पेले भरले तेव्हा रस लाल नव्हताच. फिकट हिरवट, जवळजवळ पाण्यासारखा. पाळकसाहेबांनी ट्रेमध्ये बघितलं, मग आत्याकडे बघितलं. आत्यानं पहिल्या बाकावरून त्यांच्याकडे अशी नजर लावली की त्यांनी काही न विचारता प्रार्थना सुरू केली. आमची मंडळी अजून त्याला पांढरा गुरुवार म्हणते. ट्रे आमच्या बाकाशी आला. दान्या माझ्या शेजारी. त्यानं पेला उचलला, मी उचलला. शेवटच्या तोडीचा तो आंबटगोड रस, त्याला किंचित कापराचा आणि धुतल्या कापडाचा वास. इतकं चविष्ट मी आयुष्यात काही प्यायले नाही.

तेव्हापासून देव मला रोज जवळ वाटतो असं काही नाही. पुष्कळ दिवस नुसते कोरडे जातात, वडूजच्या उन्हासारखे. लेंट मी अजूनही पाळते, पण चहा सोडत नाही. त्याऐवजी रोज एका माणसाला फोन करते, विशेषतः ज्याला करावासा वाटत नाही त्याला. हा उपवास चहापेक्षा फार जड जातो.

आत्या गेल्या श्रावणात गेली. नव्वदीला टेकली होती. शेवटच्या दिवसांत ती मला ओळखायची नाही, पण परातीत काही दिलं की कुस्करत बसायची. तिच्या घराची किल्ली आता माझ्याकडे आहे, आणि मंडळीनं रसाचं काम मला दिलं आहे. कुणी तसा ठराव केला नाही. पाळकीणबाईंनी फक्त पेल्यांची पेटी आणून दिली.

दान्याचा पत्र्याचा डबा सोमवारी एसटीनं आला. गुरुवारी तो स्वतः येईल, पिळायला. धोतर धुऊन दोरीवर वाळत घातलं आहे.

संध्याकाळ झाली. मी हात धुतले, झाकण उचललं आणि बरणीत हात घातला. मनुका फुगून मऊ झाल्या आहेत, बोटांतून सुळकन निसटतात. पाणी कोमट लागतं. तळापासून हलवून वर आणल्या. आत्यानं सांगितलं होतं तसं, त्यांना कळायला हवं म्हणून.

झाकण परत ठेवतेय तेवढ्यात फोन वाजला. ओल्या हातानंच घेतला.

"अक्का," पलीकडे ट्रॅक्टर, आणि माझ्या भावाचा आवाज, "झाकण सैल ठिवलंयस न्हवं?"

"ठेवलंय रे," मी म्हणाले. आणि फोन ठेवून आधी जाऊन झाकण बघून आले.